अडगावची शिशाची फौज

ज्या वर्षांचा विषय निघाला की वऱ्हाडातला माणूस आजही आवाज खाली घेतो, त्या वर्षांत मी सुखात होतो. हे वाक्य मी कागदावर पहिल्यांदाच आणतो आहे. बोललो एकदाच, अकोल्यातल्या एका शाळेच्या सभागृहात, भर गर्दीत. मुळात मी बोलणारा माणूस नाही. दोन वाक्यांचं काम एका वाक्यात भागत असेल तर मी अर्ध्यावर थांबतो. बायको म्हणते, तुमच्या पोटातलं काढायला चिमटा लागतो. आता पन्नाशी मागे पडली, चिमटा मीच हातात घेतो.

अमरावतीच्या राजापेठेत शिकवणी वर्गांच्या पाट्यांमागे, एका जिन्याच्या पोटात छापखाना होता. तिथे मी जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, ओळींचा फर्मा आवळायचा आणि वर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे, म्हणजे सगळी अक्षरं एका पातळीत बसतात. एखादा खिळा केसभर वर राहिला तर कागद फाटतो, खाली राहिला तर अक्षर उमटत नाही. पातळी हाच आमच्या धंद्याचा धर्म. फर्म्यावरून तळहात फिरवला की डोळे मिटूनसुद्धा मला चूक सापडायची. या तळहाताचा मला फार गर्व होता. पुढे त्यानंच माझं नाक कापलं.

कामं नेहमीचीच. लग्नपत्रिका, पावत्या, बियाण्यांची हँडबिलं. आणि तेरवीच्या पत्रिका. त्या वर्षांत कर्जापायी शेतकरी जीव देत होते, आणि तेरवीच्या पत्रिकांतली वयं कमी होत गेली. फोटो बहुतेक लग्नातला असायचा, कारण दुसरा नसायचाच. शेजारी बसलेल्या नवरीचा खांदा कापावा लागे, आणि कितीही जपून कापला तरी शालूची एखादी किनार राहून जायची. मजकूर आणणारा माणूस काउंटरला टेकून विचारायचा, "उद्या भेटंल का?" मी मान हलवायचो. वलगावला माझा थोरला भाऊ आमची शेती करत होता. रविवारी सायकल काढून मी त्याच्याकडे जायचो, ओट्यावर बसायचो, चेहरा जेवढा पाडता येईल तेवढा पाडायचो आणि चहा पिऊन परत यायचो. त्या घरात हसणं मला पाप वाटायचं.

मग मालकानं ऑफसेट मशीन घेतलं. खिळ्यांचं काम पत्रिकांपुरतं उरलं आणि बाकीचं शिसं मोडीत काढायचं ठरलं. ते बघायला एक दिवस अकोल्याहून एक म्हातारा आला. उंच, किडकिडा, पांढरी दाढी, कुर्त्याला जागोजाग ठिणग्यांची भोकं. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी त्याचं दुकान होतं. आधी कलई करायचा. घरोघरी स्टील आल्यावर कूलरच्या गळक्या टाक्यांना डाग द्यायला लागला.

मी म्हटलं, "चाचा, टाक्यांना डाग द्यायला एवढं शिसं लागते?"

"टाक्यांले कायले लागते," असं म्हणत त्यानं खिशातून बिस्किटाच्या कागदाची पुडी काढली आणि माझ्या जुळणीच्या दगडावर उघडली. आत शिशाचा सिपाही होता. बोटाच्या दोन पेरांएवढा. डोक्याला आवळून बांधलेलं पागोटं, कमरेला शेला, खांद्यावर लांबलचक बंदूक. शेल्याचं टोक वाऱ्यावर उडालेलं. बंदुकीचा शेंडा मात्र मोडका.

"साफ शिशात शेंडा येत नाही," चाचा म्हणाला. "नरम पडते. छापखान्याचं शिसं कडक. साच्यात टोकापर्यंत जाते. तुमच्या या 'क'च्या शेंडीपर्यंत गेलं, तं माझ्या बंदुकीत काहून जाणार नाही?"

मी तो सिपाही उचलला, आणि खरं सांगतो, पुन्हा खाली ठेववेना.

कळलं ते असं. चाचाच्या वडिलांनी काळ्या मऊ दगडाच्या पाट्यांत हे साचे कोरले होते. बाप-लेक दोघं सिपाही ओतून जत्रांत विकायचे, कौंडण्यपूरच्या जत्रेत तर बसायला जागा ठरलेली. पुढे प्लास्टिक आलं आणि साचे पेटीत गेले. आता कूलरचं काम उन्हाळ्यापुरतं, हिवाळा रिकामा, म्हणून त्यानं पेटी उघडली होती. पागोटेवाले बंदूकवाले, तोफेवर वाकलेले गोलंदाज, भाला पेललेले घोडेस्वार. दोनशे वर्षांपूर्वी, एकोणिसावं शतक नुकतंच लागलेलं असताना, अकोल्याकडच्या अडगावच्या मैदानात नागपूरकरांची जी फौज इंग्रजांपुढे उभी राहिली, ती अशीच होती. ते मला पाठ होतं. वाचनालयातली इतिहासाची पुस्तकं एवढं एकच व्यसन मला तोवर होतं.

"अन् इंग्रजांकडचे?" मी विचारलं.

"ते नाहीत."

"का?"

"कोणी घेत नव्हतं. माझ्या बापानं एकदा बनवले टोपीवाले. जत्रेत एक पोट्टं हात लावंना. सगळे वापस आणले अन् गाळून त्याचे घोडे केले." तो हसला. "माझी फौज चाळीस साल झाले उभीच आहे. समोर दुश्मनच नाही."

मी म्हणालो, "दुश्मन मी करतो."

कोणी विचारलं नसताना मी बोललो, असं माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालं आहे.

नळाची गळती थांबवायला दोन कांड्या कालवून लावायची लांबी मिळते, ती घेऊन मी बसलो. तारेचा सांगाडा, त्यावर लांबी, आणि ती वाळायच्या आत दाभणानं कोरायचं. सुरुवातीचे सिपाही भज्यासारखे झाले. मग हात बसला. उंच टोप, छातीवर फुलीसारखे आवळलेले पट्टे, गुडघ्यापर्यंतची विजार, पाय उघडे. इंग्रजांच्या फौजेतही बहुतेक माणसं आपल्याकडचीच, म्हणून चेहरे मी एस.टी. स्टँडवरचे घेतले. एकाला आमच्या मशीनमनचं नाक दिलं. मूळ बाहुला तयार झाला की मी त्याचा रबराचा साचा करायचो आणि अकोल्याला पोचवायचो. चाचा साच्याला दिव्याची काजळी धरायचा, पळीनं शिसं ओतायचा, गार झाल्यावर साचा उघडून पहिला सिपाही बाहेर काढायचा आणि फुंकर मारायचा. ती फुंकर ऐकायला मी बडनेऱ्याहून पॅसेंजरमध्ये उभा राहून जायचो. संगीन टोकापर्यंत आली असली की तो म्हणायचा, "घ्या. जनमला."

रंग मी घरी द्यायचो, मागच्या पडवीत, संध्याकाळी. लाल कोट, पांढरे पट्टे, काळा टोप. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं, छापखान्याच्या ब्लॉकचं काम आहे. वलगावला तर चकार शब्द नाही. कसा सांगणार? दुपारी ज्या हातानं एखाद्या तिशीतल्या पोराचं नाव जुळवलं, त्याच हातानं संध्याकाळी सिपायाच्या टोपाला तुरा लावत होतो, आणि तुरा नीट बसला की आतून उकळी फुटल्यासारखं व्हायचं. शीळ घालावीशी वाटायची. मी ओठ दाबून धरायचो. पाच-सहा हिवाळे असे ओठ दाबून काढले.

एक गोष्ट मात्र तेव्हाच लक्षात यायला हवी होती. साचा उघडताना चाचा एकदा म्हणाला होता, "बारीक वाटतात हो तुमचे."

"टोप उंच आहे म्हणून वाटतात. माप बरोबर आहे," मी म्हणालो.

मापाबद्दल मला सांगणारा तो कोण? त्याचा एक पागोटेवाला मी नमुन्याला जवळ ठेवला होता. माझा प्रत्येक बाहुला त्याच्याशेजारी उभा करायचो आणि दोघांच्या डोक्यांवर पट्टी ठेवायचो. पट्टी तसूभर हलत नसे. वरून तळहात फिरवला तर अख्खी रांग फर्म्यासारखी सपाट.

मग ती बातमी आली. अडगावच्या लढाईला दोनशे वर्षं होत होती, आणि अकोल्यातल्या इतिहासाची आवड असलेल्या काही मंडळींनी शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. जुनी नाणी, तलवारी, नकाशे. त्यांच्यापैकी कुणाला तरी लहानपणी जत्रेत घेतलेला शिशाचा सिपाही आठवला आणि ते शोधत चाचाच्या दुकानी पोचले. एक मोठं टेबल देतो म्हणाले, लढाई मांडा.

चाचानं मला निरोप धाडला. गेलो तर दाढी नीट कातरून बसलेला. म्हणाला, "ऐका. माझे अन् तुमचे एकाच मैदानात उभे राहायले पाहिजेत, आमनेसामने. वेगळं वेगळं मांडायचं असंल, तं ती फक्त बाहुल्यांची दुकान झाली. ते मी जत्रेत लय केलं. मंग मी येत नाही, अन् ही भट्टीही पुन्हा पेटवत नाही."

भट्टी पेटवत नाही, हे तो रुसून म्हणाला नव्हता. हात थरथरायला लागले होते. ओतायचं बळ किती दिवसांचं, त्याचा अंदाज त्याला होता. मलाही होता.

माझी पेटी घेऊन मी अकोल्याला पोचलो. त्याच्या अंगणात फळ्या टाकून आम्ही पहिल्यांदा दोन्ही फौजा समोरासमोर लावल्या. त्याचे घोडेस्वार, त्याचे बंदूकवाले, आणि त्यांना भिडायला माझी लाल रांग. लावून झाल्यावर आम्ही दोघं मागे सरकलो.

चाचानं रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाला, "ही तं शाळेतली पोरं गॅदरिंगले आली."

आणि ते तसंच दिसत होतं. एकेक सुटा असताना जे कळलं नाही, ते रांगेत उभं राहिल्यावर उघडं पडलं. त्याच्या धिप्पाड गड्यांसमोर माझे सिपाही बापाचे टोप घालून आलेल्या पोरांसारखे. चाचानं एका हातात त्याचा गडी घेतला, दुसऱ्या हातात माझा, आणि अंगठ्याचं नख आधी एकाच्या डोळ्यांवर टेकवलं, मग दुसऱ्याच्या.

"माप कुठून कुठवर घेतलं?"

"पायापासून टोपाच्या टोकापर्यंत."

"टोपाच्या?" त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, टोप काय मायच्या पोटातून आणते माणूस? माप डोळ्यापर्यंत घ्यायचं असते. वरचं ज्याचं त्याचं."

ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. मूर्तिकारानं केली नसती, शिंप्यानं केली नसती. जुळाऱ्यानंच करावी अशी चूक. सगळ्यांची डोकी एका पातळीत आणायची म्हणून मी टोप उंच ठेवले आणि माणसं खालून कापली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. तुमचे घेऊन जा. मी सांगून देतो त्या प्रदर्शनवाल्याहिले, का जमलं नाही."

नवे करायला वेळ नव्हता आणि शिसंही नव्हतं. छापखान्यातलं मोडीत निघालं होतं तेवढं सगळं माणसं होऊन उभं होतं. मी पेटी भरली. निघताना, का कोण जाणे, त्याचे काही घोडेस्वार मागून घेतले. त्यानं कागदात गुंडाळून दिले.

घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी पेटी ओट्यावर ठेवली, उघडली आणि एकेक सिपाही बाहेर काढू लागलो. लपवायचं त्राणच उरलं नव्हतं. माझे लाल सिपाही भिंतीला टेकवून ओळीनं लावले, चाचाचे घोडेस्वार ओट्याच्या अलीकडच्या कडेला. खरं तर मला स्वतःलाच शिक्षा करायची होती. फरक पुन्हा एकदा डोळ्यांत खुपवून घ्यायचा होता.

बायकोचे पिठाचे हात तसेच हवेत राहिले. "हे काय होय?"

"सिपाही."

"ते दिसून राहिलं मले. कोणाचे?"

"पुढचे अकोल्याच्या चाचांचे. मागचे मी केले."

"तुमी?" ती दोन पावलं मागे जाऊन दाराच्या चौकटीत उभी राहिली, डोळे बारीक करून. "म्हणजे ब्लॉकचं काम ब्लॉकचं काम म्हणून हे चालत होतं! बाप्पा! अन् मी पोरीले सांगत होते, बाबाले त्रास देऊ नको, पोटापाण्याचं काम आहे." मग तिचा सूर एकदम बदलला. "पण किती लांब दिसते हो ते. वलगावच्या रस्त्यानं समोरून दिंडी येताना दिसते, तसे दूरून येऊन राहिले."

"कोण?"

"हे लालवाले. मागचे. दूरून येऊन राहिले ना? म्हणून तं लहान केले."

मी तिच्या शेजारी जाऊन चौकटीत उभा राहिलो. खाली वाकलो, डोळा ओट्याच्या पातळीत आणला. आणि माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पिठाचा डबा आणि मिठाच्या बरणीच्या मधे, पाव कोसाचं मैदान पसरलेलं होतं. अलीकडे चाचाचे घोडेस्वार, त्यांच्या घोड्यांच्या मानेवरची आयाळ मोजता येईल इतके जवळ. आणि पार पलीकडे, धुळीच्या पडद्याआडून निघाल्यासारखी, लाल रांग.

मी बायकोचा पिठाचा हात धरून हलवला. ती म्हणाली, "अहो, भाकर जळून राहिली." जळू दिली.

दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं अकोला. चाचा एका बादलीला डाग देत होता, वर बघायला तयार नाही. मी त्याच्या दुकानातली एक फळी भिंतीला लावली, माझे भिंतीशी, त्याचे कडेला, आणि म्हणालो, "चाचा, खाली बसा."

"कायले?"

"बसा तं खरं."

कुरकुरत बसला. गुडघ्यांचा आवाज झाला. फळीच्या कडेशी हनुवटी आणून त्यानं पाहिलं. मग एका घोड्याचा पाय जरासा वळवला, पुन्हा पाहिलं.

"म्हणजे माझे जवळचे, तुमचे दूरचे."

"हो."

"मंग पाहणारे लोक माझ्या बाजूनं उभे राहतील."

"दुसरीकडून उभं राहताच येणार नाही. टेबल भिंतीला लावायचं."

"म्हणजे जो येईल तो आपल्या फौजेत." त्यानं दाढीवरून हात फिरवला. "चूक तुमचीच होय, हे लक्षात ठेवजा."

"माझीच."

"मंग ठीक आहे. चाय घ्या."

त्यानंतरचे दिवस आम्ही दोघांनी धावपळीत काढले. कोणता क्षण मांडायचा यावर मात्र वाद झाला नाही. लढाई शेवटी इंग्रजांनी जिंकली, ते कुणाला माहीत नाही? पण तिच्या सुरुवातीला एक घटका अशी होती की नागपूरकरांच्या तोफा कडाडल्या आणि इंग्रजांकडचे पुढचे सिपाही कच खाऊन मागे पळाले. पुस्तकात ते दोन ओळींत उरकलं आहे. आम्ही टेबलभर केलं. माझ्या लाल रांगेतले मधले काही मी उलटे फिरवले, काही उताणे पाडले, तोफांच्या तोंडाशी कापसाचा धूर लावला. मैदानात ज्वारी होती, म्हणून केरसुणीच्या काड्या रोवल्या. अलीकडे उंच, पलीकडे नखाएवढ्या. चाचा प्रत्येक काडीमागे खाली बसून बघायचा आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घ्यायचा.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी दाराशी उभा होतो. पहिली शाळेची रांग आत आली, तलवारी बघून पुढे सरकली आणि आमच्या टेबलाशी येऊन थबकली. मग जे झालं ते मी कितीदा आठवलं असेन. मुलं आपोआप खाली वाकली. कुणी सांगितलं नव्हतं. हनुवट्या टेबलाच्या कडेला लागल्या, आणि एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "ए, ते बघ किती दूर आहेत!" माझ्या छातीत तोफ उडाली.

दुपारपर्यंत टेबलापुढे खांद्याला खांदा लागला. धोतरवाले, पँटवाले, बुरख्यातल्या बाया, कडेवर लेकरं. सगळे एकाच बाजूनं, वऱ्हाडाच्या बाजूनं, चाचाच्या घोडेस्वारांच्या पाठीमागे उभे. कोणी म्हणत होतं, "मार, मार!" कोणी तोफेचा आवाज काढत होतं. एका निवृत्त मास्तरांनी चष्मा वर करून चाचाला विचारलं, "यातले कोणते जुने, कोणते नवे? काही कळत नाही."

चाचानं छाती फुगवली. "सगळे आपलेच हायेत."

"तुम्ही एकट्यानं?"

"अल्लाच्या मेहेरबानीनं."

मी शेजारीच होतो. गप्प राहिलो. सवयीनं, आणि थोडं गुदगुल्या झाल्यामुळे. कळत नाही म्हणजे जमलं. पण मागून आवाज आला, "मागचे लालवाले यांनी केले. माझ्या घरच्या पडवीत." बायको होती. अमरावतीहून येताना तिनं मला न विचारता वलगावला फोन केला होता, हे मला तेव्हा कळलं, कारण तिच्या मागे माझा थोरला भाऊ उभा होता, आणि त्याच्या मागे गावातली चार माणसं.

भाऊ टेबलाकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला.

"तू केले?"

"हो दादा."

"कवापासून?"

"पाच-सहा हिवाळे झाले."

"म्हणजे तू वलगावले येत होता, ओट्यावर मुकाट बसत होता, तवा बी हे चालू होतं?"

"तेव्हाही."

"अन् सांगितलं काहून नाही बे?"

आजूबाजूची माणसं ऐकत होती. चाचा ऐकत होता. बायको तर कान देऊन. मी खाली पाहिलं, आणि मग कधी नव्हे ते वर पाहिलं. "कसं सांगू? मी सुखात होतो, दादा. गावोगाव तसं चाललेलं. मी दिवसभर तेरवीच्या पत्रिका जुळवत होतो, तुझ्याकडे पीक हातचं जात होतं, आणि मी घरी येऊन यांच्या टोपांना तुरे लावत होतो. इतकं बरं वाटायचं की शीळ घालावीशी वाटायची. तुझ्या ओट्यावर बसून हे सांगायला तोंड नव्हतं मला."

भाऊ माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी परक्या भाषेत बोललो. मग त्याच्या मागच्या चौघांपैकी एकजण फिस्सकन हसला.

"तुले काय वाटलं," भाऊ म्हणाला, "आमी रात्रंदिवस कपाळाले हात लावून बसलो होतो? दुःख होतं तं होतंच. कोणाचं कोणतं, ते मोजाले बसू नको. पण रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर रमीचा फड बसत होता लेका, हे चौघं अन् मी! तुझी सायकल दिसली का पत्ते सतरंजीखाली अन् आमी चूप. म्हटलं, हा अमरावतीवाला येते सुतकी तोंड घेऊन, याच्यापुढे हसावं कसं!"

"एकदा तं माझा डाव लागलेला होता," मागचा म्हणाला, "तुमी दोन घंटे उठलेच नाही."

हसण्याची पहिली लाट त्या पाच जणांकडून आली. मग बायको हसली, पदर तोंडाला लावून, मग मास्तर, मग ज्यांना काही कळलं नव्हतं तेही. मी हसलो तो असा की पोटात कळ आली. इतक्या रविवारांचं राहिलेलं हसणं होतं ते. भाऊ माझ्या पाठीवर थापा मारत होता आणि म्हणत होता, "शीळ घालाची होती ना बे, घालाची होती."

मग तो टेबलापुढे उकिडवा बसला. हनुवटी कडेला लावली आणि माझ्या पाठ फिरवलेल्या लाल सिपायांकडे बोट करून अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असा ओरडला, "पयाले रे, पयाले! पहा कसे पयून राहिले!" त्याचे चौघं त्याच्या बाजूला बसले. मागची माणसं पुढे रेटू लागली. चाचाला गर्दीनं बाजूला सारलं तसा तो हात वर करून ओरडला, "हळू, हळू! ढकलू नका! अन् ऐका, मागचे या छापखानेवाल्याचे हायेत, मी कबूल करतो. पण ओतले म्या!"

"मापात चुकलेत म्हणून दूर उभे केलेत," मी ओरडून सांगितलं. माझा एवढा मोठा आवाज मीही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.